शय्येवरील विचारचक्र आणि निद्रानाश

आहार, निद्रा आणि ब्रह्मचर्य हे शरीराचे तीन उपस्तंभ होत, हे चरकाचार्यांचे प्रतिपादन (सूत्रस्थान, अध्याय ११) आपण सर्वांनी पदवीच्या पहिल्या वर्षापासून ऐकलेले आहे. यांपैकी आहाराविषयी आपण रुग्णाला दहा प्रश्न विचारतो. निद्रेविषयी मात्र बहुधा एकच प्रश्न विचारला जातो, ‘झोप लागते का?’ रुग्ण ‘नाही’ म्हणतो, केसपेपरवर ‘अनिद्रा’ हा शब्द उमटतो आणि त्याखाली ठरावीक दोन-तीन कल्पांची नावे येतात. त्या एका शब्दाच्या पोटात रुग्णांचा एक मोठा वर्ग दडलेला असतो. दिवसभर हे रुग्ण थकलेले असतात, रात्री जेवणानंतर त्यांना बसल्या जागी पेंगही येते. परंतु अंथरुणाला पाठ टेकताच ती पेंग नाहीशी होते आणि मन धावू लागते. ‘डोकं बंदच होत नाही’, ‘विचारांची गाडी सुटते ती थांबतच नाही’ अशा शब्दांत हे रुग्ण आपली व्यथा सांगतात. प्रस्तुत लेख याच वर्गाविषयी आहे.

या रुग्णांत विचार हे निद्रानाशाचे केवळ लक्षण नसून व्याधीला रोजच्या रोज खतपाणी घालणारे निदान असते. ते विचार कोणत्या प्रकारचे आहेत हे न विचारता दिलेले निद्राजनन द्रव्य काही रात्री उपयोगी पडते. पुढे मात्रा वाढते, नंतर कल्प बदलतो आणि अखेरीस रुग्ण औषधाच्या दुकानातून परस्पर काहीतरी घेऊ लागतो.

शास्त्राधार

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या २१व्या अध्यायात निद्रेची उपपत्ती सांगताना दोन गोष्टी एकत्र आल्या आहेत. मन थकणे ही एक आणि थकलेल्या इंद्रियांनी आपापल्या विषयांपासून मागे फिरणे ही दुसरी. आपण पहिलीवर भर देतो आणि दुसरी विसरतो. वर वर्णिलेल्या रुग्णात क्लम पुरेपूर असतो, निवृत्ती मात्र नसते. कर्मेंद्रिये निश्चल पडलेली, डोळे मिटलेले, खोलीत अंधार, आणि मन मात्र विषयाला धरून बसलेले. म्हणूनच ‘भरपूर काम करा, दमा, म्हणजे आपोआप झोप येईल’ हा लोकप्रिय सल्ला या रुग्णांना लागू पडत नाही. ते आधीच दमलेले असतात.

त्याच अध्यायात निद्रानाशाच्या हेतूंमध्ये भय, चिंता आणि क्रोध यांची गणना उपवास, धूम, असुखकर शय्या यांच्या बरोबरीने केली आहे. सुश्रुताचार्यांनी शारीरस्थानाच्या चौथ्या अध्यायात वात, पित्त, क्षय व अभिघात यांच्या जोडीला मनस्तापाचा स्वतंत्र उल्लेख केला आहे. माझ्या मते याहूनही बोलका आहे तो वाताच्या ८० नानात्मज विकारांच्या यादीचा शेवट (चरक, सूत्रस्थान २०). तेथे अस्वप्न आणि अनवस्थितचित्तत्व हे दोन विकार शेजारी शेजारी, अगदी अखेरीस येतात. झोप न येणे आणि चित्त एका जागी न ठरणे ही एकाच वायूची दोन रूपे आहेत, असे त्या क्रमावरून म्हणावेसे वाटते.

संप्राप्तीचा दुसरा धागा रसवह स्रोतसाचा आहे आणि व्यवहारात तो बराचसा दुर्लक्षित राहतो. विमानस्थानाच्या पाचव्या अध्यायात रसवह स्रोतसाच्या दुष्टीची कारणे सांगताना गुरु, शीत, अतिस्निग्ध आहारासोबत चिंत्य विषयांचे अतिचिंतन हे कारण दिले आहे. रसवहाचे मूळ हृदय, आणि मनाचे अधिष्ठानही हृदयच. आता सूत्रस्थानाच्या १७व्या अध्यायातील रसक्षयाची लक्षणे आठवून पाहावीत. मोठा आवाज सहन न होणे, हृदयात धडधड, थोड्याशा श्रमानेही हृदयाला ग्लानी. रात्री एक वाजता भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक ऐकू येते म्हणून सेल काढून ठेवणारा, वरच्या मजल्यावर खुर्ची सरकली की दचकणारा, कुशीवर वळताना स्वतःच्या छातीचे ठोके मोजणारा रुग्ण आपण सर्वांनी पाहिलेला आहे. त्याला ‘मनाचा खेळ’ म्हणून परत पाठवणे शास्त्राला धरून नाही. अतिचिंतनाने रस क्षीण झाला, त्याने शब्द सहन होईना, ऐकू आलेल्या शब्दाने मन पुन्हा जागे झाले. भरीस रात्रीचे जागरण रुक्ष असल्याने ते वायूला वाढवते आणि वाढलेला वायू चित्ताला अधिकच अस्थिर करतो. हे चक्र एकदा फिरू लागले की मूळ चिंतेची त्याला गरज उरत नाही.

निदान जागा बदलते

या शेवटच्या वाक्याचे उदाहरण म्हणून नाशिक जिल्ह्यातील एका द्राक्षबागायतदाराची हकीकत देतो. ऑक्टोबरच्या छाटणीपासून माल उतरेपर्यंत या शेतकऱ्यांचे रात्रीचे लक्ष आभाळाकडे असते. अवेळी पावसाची एक सर किंवा दहा मिनिटांची गारपीट वर्षभराचे कष्ट धुऊन नेते. अशा काळात झोप उडाली तर ती चिंता अस्थानी म्हणता येणार नाही. परंतु हा रुग्ण आला तो जूनमध्ये. माल विकला गेला होता, पैसे हाती आले होते, कर्जाचा हप्ता भरून झाला होता. मग आता कसला विचार येतो, असे विचारल्यावर तो म्हणाला, ‘आज झोप येईल का नाही, हाच.’ संध्याकाळी सहा वाजल्यापासून त्याला रात्रीची धास्ती वाटू लागे. नऊ वाजताच तो अंथरुणावर जाऊन पडे, ‘लवकर पडलं तर तेवढी तरी मिळेल’ या हिशेबाने. आणि मग बारापर्यंत घड्याळ पाही.

चिंतेचा विषय पावसावरून झोपेवर गेला होता. या रुग्णात निदानपरिवर्जन करायचे तर कोणते निदान? पाऊस तर केव्हाच थांबला होता. आधुनिक निद्राविज्ञानात स्पीलमन यांनी १९८७ साली जी मांडणी केली तिच्यात निद्रानाशाचे पूर्वप्रवृत्ती निर्माण करणारे, व्याधी सुरू करणारे आणि व्याधी टिकवून ठेवणारे असे तीन प्रकारचे घटक सांगितले आहेत. प्रकृती, हेतू आणि व्याधी जुना झाल्यावर त्याला पोसणारे अपथ्य, असा विचार करणाऱ्या वैद्याला ही मांडणी परकी वाटू नये. हार्वी यांनी २००२ साली मांडलेल्या उपपत्तीत याच तिसऱ्या घटकाचा विस्तार आहे. झोपेविषयी काळजी, त्यामुळे वाढलेली उत्तेजना, मग घड्याळाकडे व स्वतःच्या शरीराकडे खिळलेले लक्ष, आणि ‘मी क्षणभरही झोपलो नाही’ हा अतिशयोक्त निष्कर्ष, असा तो क्रम आहे. शेवटचा मुद्दा वैद्याने ध्यानात ठेवावा. रुग्ण सांगतो तितकी झोप गेलेली नसते, हे घरच्या माणसांना विचारल्यास कळते. मात्र ते रुग्णाला खोटे पाडण्यासाठी वापरू नये.

कोणता विचार?

शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात मनाचे विषय चिंत्य, विचार्य, ऊह्य, ध्येय आणि संकल्प्य असे सांगितले आहेत. संहितेने हे विभाजन निद्रानाशासाठी केलेले नाही, हे आरंभीच स्पष्ट करतो. परंतु रुग्णाचा इतिहास घेताना याचा उपयोग चाळणीसारखा होतो, असा माझा अनुभव आहे. रुग्णाला एवढेच विचारावे, ‘काल रात्री पडल्यावर पहिला विचार कोणता आला? त्यानंतर कोणता?’ सर्वसाधारण उत्तर स्वीकारू नये. ‘घरचं टेन्शन’ हे उत्तर नव्हे.

चिंत्य म्हणजे हे करावे की न करावे या स्वरूपाचे. उद्या गॅसचा नंबर लावायचा, मुलाची फी भरायची, साहेबांना अमुक कागद द्यायचा. संसार आणि नोकरी दोन्ही ओढणाऱ्या स्त्रियांत हा प्रकार फार आढळतो, कारण दिवसात त्यांना स्वस्थ बसून विचार करण्याची पहिली संधी अंथरुणावरच मिळते. या कामांना दिवसा जागा दिली नाही तर ती रात्री जागा मागतात. विचार्य म्हणजे दोन्ही बाजू तोलण्याचे विषय, जसे जमीन विकावी का, मुलीला परगावी पाठवावे का. यांना स्पष्ट सांगावे की रात्री दहानंतर घरात कोणताही निर्णय घेतला जाणार नाही, आणि ही गोष्ट पती-पत्नी दोघांच्या समक्ष सांगावी.

ऊह्य हा सर्वांत चिवट प्रकार. यात ‘जर’ने सुरू होणारी वाक्ये असतात. पाऊस आला तर, गाडीला अपघात झाला असेल तर, रिपोर्टमध्ये काही निघालं तर. एका तर्कातून दुसरा फुटतो आणि अर्ध्या तासात रुग्ण स्वतःच्या मृत्यूनंतरच्या घरापर्यंत जाऊन पोहोचतो. येथे तर्काला तर्काने उत्तर देऊन काही साधत नाही, कारण रात्रीच्या मनाजवळ नेहमी आणखी एक ‘जर’ शिल्लक असतो. ध्येय म्हणजे एकाच विषयाकडे पुन्हा पुन्हा वळणारे मन. गेलेल्या माणसाचा चेहरा हे त्याचे नेहमीचे उदाहरण. शोकाच्या पहिल्या काही महिन्यांत अशा रुग्णाचे मन दुसरीकडे वळवण्याची घाई करू नये. त्याला दिवसा त्या माणसाविषयी बोलू द्यावे. आश्वासन हे येथे औषध आहे, आणि ते देण्यासाठी वैद्याला वेळ काढावा लागतो.

संकल्प्यात गुणदोषाचा निश्चय येतो. रात्री हे मन मागे वळून स्वतःचे दोष मोजू लागते, ‘मी तसं बोलायला नको होतं’ येथून ‘माझ्यामुळेच सगळ्यांचं वाटोळं झालं’ येथपर्यंत. हे दुसरे वाक्य ऐकू आले की वैद्याने लेखणी खाली ठेवून नीट ऐकावे.

केव्हा थांबावे

पहाटे तीन-चारला जाग, सकाळी सर्वांत वाईट वाटणे, भूक व रस नाहीसा होणे, आणि वर सांगितलेली आत्मदोषाची भाषा ही अवसादाची चिन्हे आहेत. अशा रुग्णाला जीव नकोसा वाटतो का, हे सरळ मराठीत विचारावे. विचारल्याने तो विचार मनात रुजतो हा समज निराधार आहे. उत्तर होकारार्थी असल्यास नातेवाइकाला बोलावून त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवावे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू झालेल्या टेली-मानस या शासकीय दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चिकित्सालयात दिसेल असा लावावा.

याच्या उलट टोकाला असलेला रुग्ण फसवा असतो. त्याचेही विचार धावतात, पण त्यांचा त्याला त्रास होत नाही. दोन-तीन तास झोपूनही तो ताजातवाना, बोलणे भरभर, नवनवीन योजना, खर्च वाढलेला. चरकाचार्यांनी अनिद्रेच्या हेतूंत सत्त्वाचे औदार्य आणि तमाचा जय यांचाही उल्लेख केला आहे. नातेवाईक कौतुकाने हे त्या सदरात घालतात. हा उन्माद असू शकतो. चिंतेने जागणारा झोप मागतो, उन्मादी ती मागतच नाही, एवढा भेद चटकन उपयोगी पडतो. याखेरीज अवटु ग्रंथीचा अतिस्राव, घोरणे व झोपेत श्वास अडणे, पाय तळमळणे, रात्रीची वेदना हे पाहून घ्यावे. सायंकाळी पाचनंतरचा चहा विचारावा. कॅफिनचा प्रभाव अर्ध्यावर यायला सुमारे पाच तास लागतात, आणि आपल्याकडे ‘एकच कप’ म्हणजे कित्येकदा तीन असतात.

विचार प्रधान की शरीराची उत्तेजना प्रधान, हे ठरवण्यासाठी निकासिओ आणि सहकाऱ्यांनी १९८५ साली तयार केलेली निद्रापूर्व उत्तेजना मापनश्रेणी सोपी आहे. तिच्यात १६ विधाने असून आठ मानसिक व आठ शारीरिक लक्षणांची आहेत. शारीरिक बाजू जड असेल तर अभ्यंग, स्वेदन यांनी लवकर फरक दिसतो. मानसिक बाजू जड असताना केवळ तेल लावून भागत नाही.

चिकित्सा : विचाराला वेळ नेमून देणे

सूत्रस्थानाच्या ११व्या अध्यायात सत्त्वावजयाची व्याख्या अहितकर विषयांपासून मनाचा निग्रह अशी आहे. येथे एक गैरसमज दूर करावा लागतो. निग्रह म्हणजे विचार दाबणे नव्हे. ‘विचार करू नका’ हे वाक्य आपण वैद्य आणि रुग्णाचे आप्त सर्वाधिक वेळा उच्चारतो, आणि ते सर्वाधिक निरुपयोगी आहे. वेग्नर यांनी १९८७ साली केलेल्या प्रयोगात, पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका असे सांगितलेल्या व्यक्तींच्या मनात ते अस्वल येतच राहिले, आणि नंतर मोकळीक दिल्यावर तर अधिकच आले. मनाला विषयापासून सोडवायचे तर त्याला दुसरा अनुगुण विषय द्यावा लागतो किंवा पहिल्या विषयाची तजवीज आधी लावावी लागते.

तजवीज लावण्याचा उपाय साधा आहे. दिवेलागणीनंतर, जेवणापूर्वी, रोज ठरावीक जागी पंधरा मिनिटे बसून रुग्णाने वहीत उद्याची कामे लिहावीत. त्यापुढे प्रत्येक काळजीखाली तिच्यासंबंधी उद्या करता येण्याजोगी एक कृती लिहावी. काहीच करता येण्याजोगे नसेल तर तसे लिहावे. वही स्वयंपाकघरात किंवा कपाटात ठेवावी, उशाशी नव्हे. रात्री तोच विचार आला की ‘हे वहीत आहे’ एवढे मनाशी म्हणावे. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात ५७ निरोगी तरुणांवर झालेल्या व २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, झोपण्यापूर्वी पाच मिनिटे उरलेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेल्या कामांची यादी लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरीने सुमारे नऊ मिनिटे लवकर झोप लागली. यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर, असेही आढळले. संख्या लहान आहे आणि ते रुग्ण नव्हते, हे ध्यानात घेऊनही चिंत्य प्रकारात हा उपाय मी प्रथम सुचवतो. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी घरातील एकाला मोठ्याने सांगावे, त्यानेही काम होते. ऊह्य प्रकारात वहीचा उपयोग कमी होतो; तेथे पुढील उपाय अधिक फलदायी आहेत.

चरकाचार्यांनी निद्राजननासाठी सांगितलेल्या उपायांत अभ्यंग, संवाहन, मनाला अनुकूल गंध व शब्द, सुखकर शय्या व गृह यांचा अंतर्भाव आहे. आपल्या घरांतून काशाच्या वाटीने तळपायाला तूप चोळण्याची जी रीत आहे ती या सर्वांचा संक्षेप म्हणावी अशी आहे. ठरावीक वेळ, एकसारखा स्पर्श, घरातल्या माणसाचे दहा मिनिटांचे सान्निध्य, आणि मनाला तळपायाएवढाच विषय. जाता जाता एक सांगावेसे वाटते. वाटी काळी पडते ती धातू आणि स्नेह यांच्या परस्पर क्रियेने. ‘अंगातील उष्णता बाहेर निघाली’ असे रुग्णाला दाखवून देणे आता आपण थांबवलेले बरे. उपाय चांगला आहे, त्याला या प्रात्यक्षिकाची गरज नाही. शिरोधारेचाही लाभ होतो. परंतु धारा घेऊन रुग्ण दुचाकीवरून भर वाहतुकीतून तासभर परत जाणार असेल तर त्याच्या घरी रोज होणारा पादाभ्यंग मी अधिक पसंत करतो.

अंथरुणावर साधारण वीस मिनिटे जागेपणी गेली असे वाटले (घड्याळ पाहू नये) तर उठावे, दुसऱ्या जागी मंद प्रकाशात बसावे, पेंग आल्यावरच परत यावे. बूटझिन यांनी १९७२ साली सांगितलेला हा नियम आहे. अंथरूण आणि जागरण यांची मनात जुळलेली गाठ त्याने सुटते. माहेरी किंवा प्रवासात छान झोप लागते पण स्वतःच्या पलंगावर नाही, असे सांगणाऱ्या रुग्णांत ही गाठ घट्ट असते. एका खोलीच्या घरात ‘दुसऱ्या खोलीत जा’ असे सांगणे व्यर्थ आहे. तेथे दिवसा अंथरूण गुंडाळून ठेवणे आणि रात्री उठून भिंतीशी सतरंजीवर बसणे एवढे पुरते. गादी सकाळी गुंडाळण्याची जुनी सवय या दृष्टीने फारच चांगली होती; दिवाण आले आणि त्यांच्यावरच जेवण, दूरदर्शन, मोबाइल सर्व सुरू झाले.

एका ठिकाणी संहिता आणि आधुनिक नियम यांत विरोध भासतो. वाग्भटाचार्यांनी (अष्टांगहृदय, सूत्रस्थान ७) सवय नसताना रात्री जागरण घडल्यास त्याच्या निम्मा काळ सकाळी काही न खाता झोपावे असे सांगितले आहे, तर निद्रानाशाच्या वर्तनचिकित्सेत रात्र कशीही गेली तरी उठण्याची वेळ बदलू नये, असा आग्रह असतो. माझ्या मते दोन्ही आपापल्या जागी योग्य आहेत. वाग्भटांचे वचन असात्म्य जागरणाचे आहे. प्रवास, आजाऱ्याची शुश्रूषा, कार्यप्रसंग यांत घडलेले. ज्याला महिनोन्‌महिने रोजच जागरण घडते, त्याने सकाळी नऊपर्यंत लोळून निम्मी झोप वसूल केली तर त्याची पुढची रात्र बिघडते. आठवड्यातून तीन किंवा अधिक रात्री, असे तीन महिने चालले असेल तर व्याधी जीर्ण समजावा आणि उठण्याची वेळ पक्की करावी. आमच्या द्राक्षबागायतदाराला नऊऐवजी अकराला अंथरुणावर जाण्यास आणि पाचलाच उठण्यास सांगितले होते. पहिला आठवडा तो माझ्यावर चिडलेला होता. तिसऱ्या आठवड्यात त्याला साडेअकराच्या आत झोप लागू लागली. औषध त्या काळात चालू होतेच, म्हणून सर्व श्रेय एकाच गोष्टीला देता येत नाही. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्स या संस्थेने २०१६ साली प्रौढांच्या जीर्ण निद्रानाशात या प्रकारची बोधवर्तन चिकित्सा औषधांच्या आधी द्यावी, अशी शिफारस केली, एवढे येथे नोंदवतो.

औषधी योजना

अग्नी पाहिल्याशिवाय दूध-तूप सुरू करू नये. रात्री दहाला जेवून आलेल्या, जिभेवर साम थर असलेल्या रुग्णाला दूध देऊन झोप येत नाही, आध्मान येते. अग्नी चांगला असेल तर म्हशीचे दूध. निद्राजनन द्रव्यांत ते श्रेष्ठ मानले आहे (चरक, सूत्रस्थान २५). त्यात जायफळ चिमटीत मावेल एवढेच. झोप येत नाही म्हणून उगाळत राहणाऱ्या आजीबाईंना आवरावे, कारण अधिक मात्रेत जायफळ भ्रम व मोह उत्पन्न करते. रसक्षयाची लक्षणे असताना जटामांसी फांट आणि रात्रीच्या दुधासोबत अश्वगंधा असा क्रम मी ठेवतो. अवटु ग्रंथीचा अतिस्राव असल्यास अश्वगंधा टाळावी आणि यकृताचे विकार असलेल्यांत जपून वापरावी. स्मृतिमांद्य व चिडचिड सोबत असल्यास ब्राह्मी घृत.

सर्पगंधेविषयी थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली उन्माद व वाढलेला रक्तदाब यांत तिच्या उपयोगाविषयी लिहिले. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांचा रक्तदाबावरील लेख १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये आला आणि १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे करण्यात आले. पुढे त्याच रिसर्पिनच्या वापरात अवसादाच्या तक्रारी नोंदल्या गेल्या आणि अवसादाच्या रुग्णांत ते वर्ज्य ठरले. तेव्हा आत्मदोषाच्या विचारांनी पहाटे जागणाऱ्या रुग्णाला सर्पगंधा देणे धोक्याचे आहे. आम्लपित्त-परिणामशूलाच्या रुग्णांत आणि आधीच रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांतही विचार करावा. उन्मादप्रधान, सबल, उच्च रक्तदाबाच्या रुग्णात तिचे स्थान आहे. ‘झोपेची आयुर्वेदिक गोळी’ म्हणून सरसकट नाही.

अल्प्राझोलामसारखी गोळी कित्येक महिने घेणारा रुग्ण ‘आता आयुर्वेदच करायचा’ म्हणून येतो, तेव्हा ती एकदम बंद करू नये, असे त्याला पहिल्याच भेटीत बजावावे. एकाएकी सोडल्यास अनिद्रा उसळते, काहींना आक्षेपही येतात. ज्या डॉक्टरांनी ती दिली त्यांच्याशी बोलून मात्रा हळूहळू उतरवावी.

फार्मसीधारकांसाठी

सर्पगंधा घनवटीच्या प्रचलित पाठात सर्पगंधेसोबत पारसिक यवानी, जटामांसी, भांग व पिंपळमूळ येतात. यांतील पारसिक यवानी व भांग ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई(१)मध्ये असल्याने वैद्यकीय देखरेखीखाली घेण्याची सूचना वेष्टनावर असावी लागते. ही सूचना लहान अक्षरांत छापून गोळी मात्र काउंटरवर मागेल त्याला देणे, हा प्रकार थांबला पाहिजे. तीच बाटली तिसऱ्यांदा मागणाऱ्या ग्राहकाला चिठ्ठी विचारावी. पहिल्याच रात्री अर्ध्या तासात हमखास गाढ झोप आणणारी, घटकद्रव्ये न सांगणारी पुडी कोणी विक्रीस आणली तर ती तपासून घेतल्याशिवाय ठेवू नये. वनस्पतींचा असा वेग संशयास्पद असतो.

कच्च्या मालाचा प्रश्नही याच्याशी निगडित आहे. जटामांसी हिमालयातील उंचावरची, अतिसंकटग्रस्त गणली गेलेली वनस्पती. तिचा आणि सर्पगंधेचा आंतरराष्ट्रीय व्यापार ‘साइटिस’ कराराच्या परिशिष्ट दोनखाली नियंत्रित आहे. बाजारात जटामांसीच्या नावाने भूतकेशी आणि सर्पगंधेच्या नावाने तिच्याच गणातील दुसरी जाती येते. खऱ्या जटामांसीचा कंद तांबूस-तपकिरी तंतूंच्या दाट जटेने वेढलेला असतो आणि तिचा उग्र गंध हाताला बराच वेळ राहतो. तिचे कार्य करणारा अंश उडनशील तेलात असल्याने ती उकळून काढा करण्यापेक्षा फांट वा हिम करणे योग्य. चूर्ण करून वर्षभर ठेवलेली जटामांसी रंगाने तशीच दिसते, पण डबा उघडल्यावर गंध येत नाही. तेव्हा अख्खे कंद हवाबंद डब्यात ठेवावेत आणि भरड मागणीप्रमाणे, फार तर पंधरा दिवसांपुरतीच करावी.